दीड वर्षाची लेक, आंजर्ल्याची थंडी आणि एका दाखल्यामागून दुसरा

लहान मुलाची सरकारी कामं कोकणात हिवाळ्यातच उरकावीत, असं आता मला कुणी विचारलं तर मी ठामपणे सांगते. जून ते सप्टेंबर पाऊस, वीज गेली की नेट जातं, नेट गेलं की कचेरीतलं काम थांबतं. मार्च लागला की ऊन आणि आंबा, घरात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. मधे मिळतात ते दिवाळी ते होळीचे दिवस. त्यातच मुलांना सर्दी-खोकलाही व्हायचा असतो, हे वेगळं.

आम्ही दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळच्या गावात राहतो. नवरा, सासू-सासरे, मी आणि लेक. घराभोवती आंब्याची बाग, थोडी सुपारी-नारळ. लेक ९ जुलै २०२४ची. म्हणजे २०२५च्या दिवाळीत ती सव्वा वर्षाची होती, चालत होती, आणि तिचं नाव एकाही सरकारी कागदावर नव्हतं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही जन्मदाखल्यावर नाव चढवलं, सोळाव्या महिन्याची लस दिली, सुकन्या खातं उघडलं, आधार काढलं, मधे एका खोकल्याने हादरलो आणि बोरन्हाणही केलं. शेजारपाजारच्या माझ्या वयाच्या बायका यातलं एकेक विचारत असतात, म्हणून तारखांसकट सगळं लिहून ठेवते.

आधी दाखला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, माझं माहेर कराडचं. रुग्णालयाने २१ दिवसांच्या मुदतीत जन्माची नोंद पाठवली. पण बारसं सव्वा महिन्याने झालं, त्यामुळे मिळालेल्या दाखल्यावर आमची दोघांची नावं होती आणि बाळाच्या नावापुढची जागा कोरी होती. पुष्कळ घरांत असंच असतं. नाव घरात रूढ होतं, कागदावर नसतं, आणि शाळेपर्यंत कुणाचं अडत नाही असं वाटतं.

सप्टेंबरमध्ये नवऱ्याने आमच्या ग्रामपंचायतीत विचारलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं, जन्म जिथे झाला तिथेच नोंद, आणि नावही तिथेच चढणार. सासरच्या ग्रामपंचायतीला त्यात काही करता येत नाही. माहेरी बाळंतपण झालेल्या प्रत्येकीने हे आधीच लक्षात घ्यावं, कारण पहिल्या बाळंतपणाची आपली रीतच अशी आहे की जन्म एका जिल्ह्यात आणि घर दुसऱ्या. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क चढतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधराव्या वर्षापर्यंत. आमचं एक वर्ष जुलैत संपलं होतं. शुल्क अगदी किरकोळ आहे, त्याची धास्ती बाळगू नका.

‘आधी आधार काढू, दाखल्याचं मग बघू’ हा विचार आमच्याही घरात झाला होता. ते आता जमत नाही. कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो. म्हणून क्रम ठरला: नाव, दाखला, मग बाकीचं.

भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. तसंही माहेरी जायचंच होतं. नवऱ्याला बागेमुळे येता येणार नव्हतं, आणि अर्जावर तर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. माझ्या भावाने आधीच कचेरीत जाऊन अर्जाचा नमुना आणला, त्याचा फोटो पाठवला, आम्ही दापोलीत छापून घेतला आणि नवऱ्याची सही घेऊनच मी निघाले. हे एवढं केल्याने त्याचा हेलपाटा वाचला.

दापोलीहून खेड, चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बायकांना अर्धं, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. घाटाचं मात्र लेकीला सोसत नाही. चिपळूणला तिला थोडंच खायला दिलं, सुकी पोळी आणि चार मुरमुरे, आणि पुढच्या बाजूची खिडकी पकडली. कपड्यांचा एक जोड आणि जुना टॉवेल मांडीवरच्या पिशवीत ठेवा, वरच्या फळीवर नको. पोफळीच्या पुढच्या वळणांवर उठून वर हात घालायला सवड मिळत नाही.

२७ ऑक्टोबरला कचेरीत गेले. बरोबर रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, नाव नसलेला जुना दाखला, दोघांची आधार कार्डं आणि सह्यांचा अर्ज. खिडकीवरच्या बाईंनी सगळं वाचलं आणि विचारलं, “इंग्रजी स्पेलिंग नक्की ना? मग बदलायला फार जड जातं.” दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघतो. नाव मी दोन्ही लिप्यांत मोठ्या, सुट्या अक्षरांत एका कागदावर लिहूनच नेलं होतं. तरी प्रश्न उरला आडनावाचा. नवऱ्याच्या आधारवर ते एका पद्धतीने आहे आणि सासऱ्यांच्या रेशनकार्डावर दुसऱ्या. तिथूनच नवऱ्याला फोन लावला. त्याच्या आधारवर जसं आहे तसंच लेकीचं, असं ठरलं. पुढे आधारच्या वेळी वडिलांचं नाव दोन्हीकडे सारखं असल्याने एकही प्रश्न आला नाही. तुमच्या घरात आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलं जात असेल (कोकणात बऱ्याच घरांत लिहिलं जातं), तर हा निर्णय घरीच घेऊन निघा.

शुक्रवारी या म्हणाल्या. ३१ ऑक्टोबरला गेले तेव्हा त्यांनी अंतिम करण्याआधी पडद्यावर वाचायला दिलं. तारीख, मुलगी की मुलगा, आईचं नाव, वडिलांचं नाव, कायमचा पत्ता, सगळं बोट ठेवून वाचलं. मग क्यूआर कोड असलेला दाखला हातात आला. मी जास्तीच्या प्रती तिथेच मागून घेतल्या, कारण पुन्हा कराड गाठणं आम्हाला सोपं नाही. बाहेरच्या बाकावर बसून तिचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. स्वतःचं नाव ऐकून ती वळून माझ्याकडे बघत राहिली. इतके महिने हे नाव फक्त आमच्या तोंडी होतं. त्या दिवशी मला फार भरून आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

गावी परतलो तेव्हा पाऊस अखेर थांबला होता आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटेचा गारवा जाणवायला लागला.

मी घाटावरची, त्यामुळे लग्नानंतर पहिल्या वर्षी मला कोकणातली थंडी थंडीच वाटली नव्हती. मूल झाल्यावर कळलं की इथली थंडी फसवी असते. दुपारी अंगावर सुती झबलं नकोसं होतं आणि पहाटे चारला गोधडी लागते. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो होतो. ते इथे रोज अंगावर येतात. दिवसा समुद्राकडून वारा येतो तो उबदार, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो डोंगरातली गार हवा घेऊन. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला, डोंगराच्या बाजूला. समुद्राकडची खिडकी आम्ही उगाच घट्ट लावून घेत होतो. आता रात्री पूर्वेची लावतो आणि पश्चिमेची जरा किलकिली ठेवतो, म्हणजे खोली कोंदटही होत नाही.

दापोली तर वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर. तिथे थंडीत पारा दहाच्या आसपास उतरतो, खाली हर्णै-आंजर्ल्याला तेवढं नसतं. वीसेक किलोमीटरवर हवा इतकी बदलते. सकाळच्या गाडीने मुलाला वर न्यायचं असेल तर एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ पातळ तीन कपडे एकावर एक घालावेत आणि वाटेतल्या आसूदच्या चढापासून वाढवावेत, परतताना त्याच क्रमाने उतरवावेत. कानटोपी मात्र हवीच.

घरातलं वेळापत्रक आम्ही तिच्याभोवती फिरवून घेतलं. आंघोळ सकाळी आठची होती ती अकराला नेली, ऊन अंगणात पुरतं उतरल्यावर. खोबरेल तेल या दिवसांत बाटलीत थिजतं. सासूबाई रात्री वाटीभर काढून ठेवतात आणि सकाळी बंबाजवळ ठेवून पातळ करतात. आधी तेल, मग उन्हात खेळणं, मग आंघोळ आणि लगेच नाचणीचं सत्त्व. त्यानंतर ती दीड-दोन तास झोपते. कचेरीचं कुठलंही काम या झोपेच्या आधी संपवायचं किंवा झोप झाल्यावर सुरू करायचं, हा नियम मी थंडीभर पाळला आणि त्यानेच मला तारलं. भुकेलं, झोपेला आलेलं मूल घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा एक दिवस उशीर परवडतो.

थंडीबद्दल आमच्या घरात दोन मतं असतात, आणि दोन्ही खरी. सासरे रोज पहाटे अंगणात जाऊन हवा बघतात. रात्री गार पडल्याशिवाय हापूस नीट मोहोरत नाही. “पडूदे गो चांगली थंडी, मोहोर धरूदे,” असं सासूबाई म्हणतात, आणि त्याच तोंडाने नातीला आणखी एक दुपटं गुंडाळतात. वर्षाचं उत्पन्न त्या थंडीवर आहे. मीही तिची वाट बघते आणि मीच तिला घाबरते.

लसीकरणाचं सत्र १९ नोव्हेंबरला गावातल्या अंगणवाडीत होतं. आशाताई आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेल्या. लेकीचं नाक वाहत होतं, म्हणून मला वाटत होतं पुढच्या महिन्यात देऊ. सिस्टरांनी ताप बघितला, छाती बघितली आणि म्हणाल्या, साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची नाही. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायच्या लसी या: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओचे थेंब, आणि जीवनसत्त्व ‘अ’चं औषध चमच्याने, दोन लाख युनिटचं. सगळं मोफत. उजव्या दंडात एक सुई, डाव्या मांडीत एक. अर्धा तास तिथेच बसवलं.

त्याच दिवशी वजन आणि दंडाचा घेर मोजला. वजन सव्वानऊ किलोच्या जरा वर. दंडाची पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या पुढे गेली की हिरव्यात, साडेअकरा ते साडेबारा पिवळी, त्याखाली लाल. आमची हिरव्यात होती. पावसात तिचं वजन थोडं अडखळलं होतं, त्यामुळे तो हिरवा पट्टा बघून खूप बरं वाटलं. तीन वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. त्यासाठी मोबाइलच्या अ‍ॅपवर माझा चेहरा पडताळून घेतला. आईचं आधार चालतं, मुलाचं नसलं तरी अडत नाही.

संध्याकाळी ताप चढला, एकशे एक. डीपीटीनंतर येतो, हे सांगितलेलंच होतं. पॅरासिटामोलचं माप सिस्टरांनी वजनावरून ठरवून कार्डावरच लिहून दिलं होतं. ते फार उपयोगी पडलं, कारण रात्री दोन वाजता डोकं चालत नाही. मांडीला गाठ आली होती. ती चोळायची नाही, गार ओला कपडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ती पाय जरा ओढत चालली, नंतर विसरली.

सुकन्या समृद्धीचं काम सर्वांत सोपं झालं. दहा वर्षांखालच्या मुलीचं खातं पोस्टात उघडतं, कमीत कमी २५० रुपयांत, आणि वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. जन्मदाखला, नवऱ्याचं आधार आणि पॅन, फोटो, फॉर्म. माझ्या भावाने भाऊबीजेला भाचीच्या हातात ठेवलेले हजार रुपये पहिला भरणा म्हणून टाकले.

आधारसाठी ३ डिसेंबरला दापोलीला गेलो. पहाटेच्या गाडीने, कारण केंद्रावर टोकन सकाळीच वाटतात. पोस्टमनमार्फतही लहान मुलांच्या आधारची नोंदणी होते. तुमच्या गावात ती सोय असेल तर आधी तिथे विचारा, मूल घेऊन वर जायची गरज पडणार नाही. आमच्याकडे तेव्हा यंत्र उपलब्ध नव्हतं.

पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे आणि डोळे घेत नाहीत, फक्त फोटो. ओळख आईच्या किंवा वडिलांच्या आधारवरून पटवतात आणि त्यासाठी त्या पालकाचा ठसा लागतो. आम्ही दोघंही गेलो होतो ते बरं झालं. नवऱ्याची बोटं बागेच्या कामाने झिजलेली, यंत्र काही केल्या घेईना. मग माझा ठसा दिला, तो लगेच लागला. बागायतदार, मच्छीमार, चिऱ्याच्या खाणीवर काम करणारे अशा घरांतून दोघांनीही जावं.

फोटोला वेळ गेला. पाठीमागे पांढरा पडदा, मूल समोर बघायला हवं, डोळे उघडे हवेत, आणि धरणाऱ्याचा हात दिसायला नको. लेक नवऱ्याकडे वळून वळून बघायची. शेवटी यंत्रावर बसलेल्या मुलाने स्वतःच्या किल्ल्या कॅमेऱ्याच्या वर धरून वाजवल्या. त्याच्या मागे रांग होती, तरी तो एकदाही वैतागला नाही. त्या अनोळखी मुलाचे आम्ही मनापासून आभार मानतो.

नोंदणी मोफत आहे. पडद्यावर नाव दोन्ही भाषांत तपासून मगच पुढे जायला सांगा. पावतीवर चौदा आकडी नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ असते. तिचा तिथेच फोटो काढून ठेवा, कारण त्या पावतीची शाई उडते. आमचा त्या दिवसाचा खर्च म्हणजे गाडीभाडं, झेरॉक्सचे वीस रुपये आणि तिघांचा नाश्ता. आधार तयार झाल्याचा निरोप २ जानेवारीला मोबाइलवर आला. मधले दिवस मी रोज बघत होते, तसं करायची गरज नाही, महिनाभर लागू शकतो. पाचव्या वर्षी ठसे आणि डोळे द्यायला पुन्हा जायचं आहे, आणि पंधराव्या वर्षी एकदा.

आता खोकल्याचं. डिसेंबरच्या मध्यावर थंडी चांगली पडली, मोहोर फुटला, आणि मोहोरावरच्या तुडतुडे किडीसाठी फवारणी सुरू झाली. फवारणीच्या दिवशी आम्ही लेकीला घेऊन गावातच चुलतसासूबाईंकडे जातो, घर बागेतच असल्याने खिडक्या लावून भागत नाही. नवरा बाहेरच आंघोळ करून, कपडे वेगळ्या बादलीत टाकून मगच तिला घेतो. एवढं सगळं सांभाळूनही १४ तारखेला तिला सर्दी झाली आणि तिसऱ्या दिवशी ती छातीत उतरली.

घरात लगेच ओवा-लसणाच्या धुरीची तयारी झाली. सासूबाईंनी त्यांच्या मुलांना तीच दिली होती, त्यांचा जीव तुटत होता आणि मला ते दिसत होतं. पण ऑक्टोबरच्या भेटीत, पंधराव्या महिन्याला आशाताई घरी आल्या होत्या तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, बाळाच्या खोलीत कसलाच धूर नको, धुरीचा नको, चुलीचा नको, बिडीचा तर नकोच. मी आशाताईंनाच बोलावून घेतलं. त्यांनी सासूबाईंना समजावलं, “काकू, धुराने त्या बारक्या नळ्या आणखी सुजतात.” मग ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीत बांधला आणि तो तिच्यापासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. वास आला, धूर झाला नाही, सासूबाईंचंही समाधान झालं. सून आणि सासू यांच्यातला असा वाद तिसऱ्या जाणत्या माणसाने सोडवलेला बरा.

दुकानातलं खोकल्याचं औषधही आणलं नाही. मध्य प्रदेशात खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली त्यानंतर, ऑक्टोबर २०२५मध्येच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवलं होतं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. आम्ही नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, पातळ पेज, कुळथाची पिठी आणि झोपताना अर्धा चमचा मध एवढंच चालवलं. मध एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात द्यायचा नाही.

१७ तारखेच्या रात्री तिचा श्वास मला वेगळा वाटला. आशाताईंनी मोजायला शिकवलं होतं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पोट उघडं करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त भरले तर ते जलद. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणीही पीत नसेल किंवा झोपेतून नीट जागं होत नसेल, तर थांबायचंच नाही. दरवर्षी १२ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर न्यूमोनियाची ‘साँस’ मोहीम चालते, त्यात त्या घरोघर हेच सांगत फिरतात. मी बॅटरीच्या उजेडात मोजले. सेहेचाळीस. नवऱ्याला उठवून त्याच्याकडून परत मोजून घेतले, तेवढेच आले. छाती ओढली जात नव्हती, दूध पीत होती. तरीही आम्ही थांबलो नाही.

ओळखीच्या माणसाची गाडी काढली. आंजर्ल्याचा पूल, हर्णै बंदरावरचे होड्यांचे दिवे, मग आसूदचा चढ. मी मागे बसून तिच्या पोटावर हात ठेवून मोजत होते. रस्ताभर आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. बोललं असतं तर रडूच आलं असतं.

डॉक्टर पहाटे उठून आले. विषाणूमुळे बारीक श्वासनलिका सुजल्या आहेत, न्यूमोनिया नाही, असं त्यांनी तपासून सांगितलं. बोटाला चाप लावून प्राणवायू बघितला, शहाण्णव होता. एकदा वाफारा दिला, उजाडेपर्यंत थांबवून घेतलं, परत श्वास मोजले. अँटिबायोटिक दिलं नाही, आणि का देत नाही तेही सांगितलं. तपासणी आणि वाफाऱ्याचे पाचशे, गाडीचे नऊशे. मोजता आलं म्हणून आम्ही वेळेत निघालो, आणि मोजता आलं म्हणूनच पुढच्या दोन रात्री घरी धीराने काढल्या. छत्तीस, चौतीस, बत्तीस असे आकडे मी कॅलेंडरवर लिहीत गेले. खोकला पुढे दोन आठवडे रेंगाळला, तो रेंगाळतोच असं डॉक्टर म्हणाले होते. तुमच्या गावातल्या आशाताईंकडून हे मोजणं एकदा मुलाच्या पोटाकडे बघत शिकून घ्या, हे मी हात जोडून सांगते.

संक्रांतीपर्यंत ती ठणठणीत झाली. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, म्हणून आम्ही २५ जानेवारीचा रविवार धरला. त्याआधी २२ला माघी गणेश जयंती, कड्यावरच्या गणपतीला उत्सव आणि गावात पाहुण्यांची वर्दळ, घरात तेव्हा काही करणं शक्यच नव्हतं. काळं झबलं सासूबाईंनी त्यांच्या जुन्या चंद्रकळेतून शिवलं. हलव्याचे दागिने माझ्या आईने साडेचारशे रुपयांना घेऊन पाठवले.

शेंगदाणे, हरभरे, गोळ्या आणि अख्खी बोरं तिच्या डोक्यावरून ओतायची नाहीत, हे मी आधीच बोलून ठेवलं होतं. या वयाची मुलं हाताला येईल ते तोंडात घालतात आणि असा दाणा श्वासनलिकेत अडकतो. खोकल्याची ती रात्र सगळ्यांच्या मनात ताजी होती, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. “पण बोरांशिवाय बोरन्हाण कसलं?” एवढं सासूबाई म्हणाल्या. तेव्हा औक्षणाच्या ताटात बोरं आणि उसाचे करवे ठेवले, डोक्यावरून मुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओतल्या, बोरं शाळेत जाणाऱ्या पोरांना ओंजळीने वाटली. हलव्याचा मुकुट तिने लगेच ओढून काढला, म्हणून फोटो आधीच काढून घ्या. गळ्यातला हार मात्र तिला आवडला आणि आम्हालाच घाबरायला लागलं, कारण हलव्याचे दाणेही तसेच. दहा मिनिटांत काढून घेतला.

६ फेब्रुवारीला तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत रेशनकार्डावर तिचं नाव चढवण्याचा अर्ज दिला. मूळ कार्ड, जन्मदाखला आणि तिचं आधार. सासऱ्यांच्या कार्डावर आडनाव वेगळ्या तऱ्हेने आहे, त्यामुळे ते आता नवऱ्याच्या आधारप्रमाणे करून घेण्याचा वेगळा अर्जही तिथेच जोडायला सांगितला. दोन्हींची पोच घेतली, शिक्क्यासकट. मार्चमध्ये चौकशी करायला सांगितलं आहे. जीवनसत्त्व ‘अ’चा पुढचा डोस सहा महिन्यांनी, म्हणजे मेमध्ये येतो. तेव्हा घरात आंब्याच्या पेट्या भरल्या जात असतील, म्हणून तारीख आत्ताच सासूबाईंच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. त्या दिवशी लेकीला अंगणवाडीत त्याच नेणार आहेत.